वकिलाने मुलीला मानसशास्त्रज्ञाकडे का पाठवलं?

प्रश्न : आम्ही आरे कॉलनीत राहतो. माझे सासरे इथल्या दुग्धवसाहतीत नोकरीला होते, तेव्हापासून. आमची मुलगी सीप्झमधल्या एका कंपनीत कामाला होती. 2021 मध्ये तिचं लग्न झालं आणि ती न्यू जर्सीला गेली. जावई तिथले नागरिक आहेत. पहिल्या वर्षी ती "बरं चाललंय" म्हणायची. मग हळूहळू कळलं, पासपोर्ट त्यांनी आपल्या कपाटात ठेवलाय, बँकेचं कार्ड तिच्याकडे नाही, आणि भांडण झालं की "तुझे पेपर मागे घेईन, विमानात बसवून देईन" हे ठरलेलं. हात एकदाच उगारला, असं ती सांगते. गेल्या दिवाळीपासून ती मैत्रिणीकडे राहते आहे. तिथल्या वकीलबाई म्हणाल्या, नवऱ्याशिवाय स्वतःच्या नावाने अर्ज करता येईल, पण आधी सायकॉलॉजिकल इव्हॅल्युएशन करून घे. तेव्हापासून घरात कुणाला धड झोप नाही. माझ्या मुलीला वेड लागलेलं नाही. मग हा कागद कशाला? उद्या तोच दाखवून तिला परत पाठवलं तर? तिचं पुन्हा लग्न करायचं झालं तर? आणि आम्ही इथे बसून काय करायचं?
— एक आई, आरे कॉलनी, गोरेगाव (पूर्व)

उत्तर : ताई, सगळ्यात आधी तुमच्या झोपेसाठी लागणारं उत्तर देते. हा कागद वेडाचा दाखला नाही. तुमच्या मुलीच्या बाबतीत तो तिच्या बाजूचा पुरावा आहे. वकीलबाईंनी तिला योग्य ठिकाणी पाठवलं आहे.

अमेरिकेत नागरिकाशी किंवा ग्रीन कार्डधारकाशी लग्न करून गेलेल्या मुलीचे कागद बहुधा नवराच भरतो. अर्ज त्याचा, सही त्याची, आणि तो मागे घ्यायचा अधिकारही त्याचाच. ज्या घरात माणूस वाईट निघतो तिथे हीच सही हत्यार बनते. हे लक्षात आल्यावर तिथल्या संसदेने 1994 मध्ये स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्ध कायदा केला. छळ सोसलेली पत्नी नवऱ्याला न विचारता, त्याच्या सहीशिवाय, आय-360 नावाच्या फॉर्मवर स्वतः अर्ज करू शकते, ही तरतूद त्या कायद्यात आली. कायद्याच्या नावात स्त्रिया असल्या तरी छळ सोसलेल्या पुरुषालाही तो लागू आहे. अर्जदाराला चार-पाच गोष्टी दाखवाव्या लागतात: लग्न खऱ्या हेतूने झालं, दोघं एकत्र राहिले, नवरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आहे, स्वतःची वागणूक चांगली आहे, आणि मारहाण झाली किंवा अतोनात क्रूरपणा सोसावा लागला.

अडचण या शेवटच्या मुद्द्याशी येते. हाड मोडलं तर एक्स-रे असतो, पोलीस आले तर त्यांचा रिपोर्ट असतो. पासपोर्ट कपाटात बंद होता, घरात बोलायला माणूस नव्हतं, रोज "परत पाठवीन" ऐकावं लागत होतं, याचा फोटो कुठून आणायचा? तुमच्या मुलीवर हात एकदाच उगारला गेला. पण तिने जे सोसलं त्यातला मोठा भाग त्या एका दिवसात मावणारा नाही, आणि इमिग्रेशनचा अधिकारी सहसा तिला न भेटता फक्त फाईल वाचून निर्णय घेतो. मानसशास्त्रज्ञाचा अहवाल त्या फाईलमध्ये ही न दिसणारी जखम मांडतो.

कायद्याने हा अहवाल सक्तीचा केलेला नाही, हेही सांगायला हवं. पूर्वी एका प्रकारच्या अर्जात मानसिक क्रूरपणासाठी तज्ज्ञाचा अहवाल लागेलच असा नियम होता. 1994 च्या कायद्याने ती अट ढिली केली आणि विश्वासार्ह असा कोणताही पुरावा अधिकाऱ्याने विचारात घ्यावा असं ठरलं. म्हणजे अहवाल नसेल तर अर्जच होत नाही असं नाही. पण तुमच्या मुलीसारख्या प्रकरणात, जिथे पोलीस नाहीत, हॉस्पिटल नाही, तिथे तो असला तर फार आधार होतो. माझं स्पष्ट मत आहे, तिने तो करून घ्यावा.

आता प्रत्यक्षात काय होतं ते. मुलगी मानसशास्त्रज्ञासमोर बसेल, समोरासमोर किंवा व्हिडिओवर. बोलणं दोन-तीन तास चालेल, कधी दोन बैठकींत. सुरुवात लग्नापासून होत नाही, लहानपणापासून होते. कुठे वाढलीस, घरात कोण कोण, शाळा कशी, आधी कधी मन खचलं होतं का? कारण आधीची मुलगी आणि आताची मुलगी यांतला फरकच तर दाखवायचा असतो. मग काही ठरलेल्या प्रश्नावल्या. नैराश्यासाठी नऊ प्रश्नांची एक आहे, ती गेल्या दोन आठवड्यांविषयी विचारते. धक्क्यानंतरच्या ताणासाठी वीस प्रश्नांची एक, ती गेल्या महिन्याविषयी. शेवटी अहवालात लक्षणं, ती किती दिवस आहेत, रोजच्या जगण्यात काय अडतं, आणि ही लक्षणं तिने सांगितलेल्या घटनांशी जुळतात का, हे लिहिलं जातं. नवरा दोषी आहे असा निकाल मानसशास्त्रज्ञ देत नाही. ते त्याचं काम नव्हे.

"धक्क्यानंतरचा ताण" म्हणजे काय, हे आरेतल्या माणसाला वेगळं शिकवायला नको. 2021 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तुमच्याकडे बिबट्याचे हल्ले झाले. त्यानंतर कित्येक महिने बायका दिवेलागणीनंतर एकट्या बाहेर पडत नव्हत्या. पाचोळा वाजला तरी अंग शहारायचं, पोरं दारात दिसली नाहीत तर काळीज हलायचं. तेव्हा कुणी त्यांना वेडं म्हटलं नाही. अंगाने धोका लक्षात ठेवला होता, इतकंच. तुमच्या मुलीचं अंगही तसंच लक्षात ठेवत असणार: कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज, फोनची रिंग, चढलेला स्वर. जंगलातला बिबट्या निघून जातो. घरातला धोका रोज संध्याकाळी त्याच वेळी परत येतो. त्याची नोंद करण्यासाठीच हे मूल्यमापन आहे.

एक धोक्याची सूचना मुलीला आवर्जून द्या, कारण मराठी मुली इथे हमखास अडतात. "कशी आहेस?" विचारलं की आपण "बरी आहे" म्हणतो. ते उत्तर नसतं, रीत असते. पण प्रश्नावलीत तिने प्रत्येक ठिकाणी "थोडंसं" असं लिहिलं की बेरीज लहान येते आणि कागदावर सगळं आलबेल दिसतं. उलट बाजूही आहे. "जीव नकोसा झालाय" हे आपण उन्हाळ्यात लोडशेडिंग झालं तरी म्हणतो, आणि एखादी खरोखर मरणाच्या उंबऱ्यावर असतानाही म्हणते. मराठी न कळणाऱ्या तज्ज्ञाला यांतला फरक कसा कळणार? "पोटात गोळा येतो", "डोक्यात मुंग्या येतात", "घास उतरत नाही", "मन थाऱ्यावर नाही" ही आपल्या दुःखाची बोली आहे, आणि इंग्रजीत शब्दशः नेली की ती पोटदुखी होऊन बसते. म्हणून शक्य तर मराठी येणारा तज्ज्ञ शोधावा. हिंदीत तिला मोकळेपणाने बोलता येत असेल तर तेही चालेल. नाहीतर दुभाषा घ्यावा, पण तो नात्यातला किंवा ज्या मैत्रिणीकडे ती राहते ती नको. ओळखीच्या माणसासमोर मुलगी शब्द गिळते, आणि दुभाषाही तिची लाज राखायला वाक्यं मऊ करतो.

संस्कृतीचा प्रश्न भाषेपेक्षाही खोल आहे. अमेरिकेतल्या मानसरोगांच्या वर्गीकरणाची पाचवी आवृत्ती 2013 मध्ये आली, तिच्यात माणसाच्या संस्कृतीविषयी विचारायचे सोळा प्रश्न दिले आहेत. चांगला तज्ज्ञ ते वापरतो. कारण तिथल्या अधिकाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, एवढा छळ होता तर ही आधीच का निघाली नाही? लग्नात घातलेले पैसे, धाकट्या बहिणीचं ठरायचं आहे, पुण्याहून व्हिडिओ कॉलवर रोज हजेरी घेणाऱ्या सासूबाई, "नांदायला गेलेली मुलगी परत आली" हे शेजारणीच्या तोंडून ऐकण्याची भीती: अशी जी कारणं असतील ती अहवालात नीट उलगडून लिहिली नाहीत तर तिचं राहणं हीच तिच्याविरुद्धची शंका बनते. ताई, एक अवघड प्रश्न विचारते. तिने पहिल्यांदा फोनवर रडून सांगितलं तेव्हा तुम्हीही "थोडं सांभाळून घे" म्हणाला होतात का? बहुतेक आया म्हणतात. तसं झालं असेल तर ते लपवू नका. ती का थांबली, याचा तोही एक खरा भाग आहे.

तुमची भीती अगदीच निराधार आहे असंही नाही. तिच्यामागे इतिहास आहे. अमेरिकेच्या 1882 च्या कायद्याने वेडसर आणि मंदबुद्धी माणसांना बंदरातूनच परत पाठवायची सोय केली. तुमची मुलगी ज्या राज्यात राहते त्याच्या किनाऱ्यासमोरच एलिस बेट आहे. तिथे 1912 ते 1916 या काळात हॉवर्ड नॉक्स नावाचे डॉक्टर लाकडी तुकडे जुळवायला लावून आणि चौकोनी ठोकळे ठरावीक क्रमाने ठोकायला लावून बोटीतून उतरलेल्यांची बुद्धी तपासत. 1917 च्या कायद्याने मानसिक कारणांची ती यादी आणखी लांबवली, आणि त्याच कायद्याने आशियाचा मोठा पट्टा, त्यात आपला देशही, येण्यास मज्जाव केलेला प्रदेश म्हणून आखून टाकला. मनाची तपासणी त्या काळात माणसाला दाराबाहेर ठेवण्यासाठी होती. तुमच्या मुलीची तपासणी तिला दाराच्या आत राहता यावं म्हणून आहे, आणि ती सरकारी डॉक्टर करत नाही, तिने स्वतः निवडलेला तज्ज्ञ करतो.

पुढे ग्रीन कार्डासाठी सरकारमान्य डॉक्टरकडून वेगळी वैद्यकीय तपासणी होते, तिची आणि हिची गल्लत करू नका. त्या तपासणीत मानसिक आजार आड येतो तो फक्त त्याच्याबरोबर स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करणारं वर्तन असेल तेव्हा. नैराश्य आहे, झोप लागत नाही, दचकून जाग येते, एवढ्यावरून कुणाला नाकारता येत नाही.

आणि जावयाला हे कळेल का? तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणारच. अशा अर्जाची माहिती नवऱ्याला किंवा इतर कुणाला देण्यास 1996 च्या कायद्याने इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यांना मनाई केली आहे. नुसत्या त्याच्या सांगण्यावरून तिच्याविरुद्ध निर्णयही घेता येत नाही. गुप्तता मोडणाऱ्या कर्मचाऱ्याला प्रत्येक वेळी 5,000 डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. ही गुप्तता सरकारी खात्याची आहे. घटस्फोटाच्या किंवा मुलाच्या ताब्याच्या दाव्यात हाच अहवाल वापरायचा की नाही हा वेगळा प्रश्न. तिथे समोरचा वकील त्यातलं एखादं वाक्य उचलून "हिचं मन स्थिर नाही" म्हणू शकतो. वकीलबाईंना विचारल्याशिवाय तो दुसऱ्या कोणत्याही कोर्टात, आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच, जाऊ देऊ नका. हा धोका मी मुद्दाम सांगते आहे.

दुसऱ्या लग्नाचं म्हणाल, तर अहवाल भारतात कुठे नोंदला जात नाही, पासपोर्टवर येत नाही. आपल्याकडचा 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदाही स्पष्ट आहे. पूर्वी उपचार झाले एवढ्यावरून कुणालाही मनोरुग्ण ठरवता येत नाही, आणि मानसिक आजाराचं निदान झालं म्हणून, कोर्टाने तसं ठरवल्याशिवाय, माणसाचं चित्त भ्रमिष्ट मानता येत नाही. पण अमेरिकेतल्या तिच्या अर्जाबाबत एक कायदेशीर गोष्ट आहे जी घाईत असलेल्या आई-वडिलांना ठाऊक नसते. घटस्फोट झाला असेल तर त्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज गेला पाहिजे आणि घटस्फोटाचा छळाशी संबंध दाखवावा लागतो. आणि अर्ज मंजूर व्हायच्या आधी तिने पुन्हा लग्न केलं तर अर्ज बाद होतो. मंजुरीनंतर अडचण नाही. म्हणून आत्ता स्थळं बघू नका, ताई. कुणी चांगल्या मनाने आणलं तरी थांबा म्हणा.

तुमच्याच आसपास, सीप्झच्या कंपन्यांतून कितीतरी मुलं एच-वन व्हिसावर गेली, त्यांच्या बायका एच-फोरवर. ज्यांचे नवरे नागरिकही नाहीत आणि ग्रीन कार्डधारकही नाहीत, त्यांना वर सांगितलेला मार्ग बंद आहे. ही मला फार बोचणारी बाब आहे, कारण आपल्या सर्वांत जास्त मुली इथेच अडकतात. अशा छळ सोसलेल्या बायकांना नोकरीचा परवाना देण्याची तरतूद 2005 मध्ये झाली, पण त्यासाठीचा फॉर्म प्रत्यक्षात 2017 मध्ये आला. गुन्हा घडला असेल आणि पोलिसांना सहकार्य केलं असेल तर यू व्हिसा मागता येतो. तिथेही शारीरिक किंवा मानसिक हानी मोठी आहे हे दाखवावं लागतं, म्हणून मूल्यमापन उपयोगी पडतं. पण वर्षाला 10,000 ची मर्यादा असल्याने रांग वर्षानुवर्षांची. आश्रय मागणाऱ्यांसाठी, किंवा हद्दपारीमुळे नागरिक असलेल्या जोडीदारावर येणारं संकट दाखवण्यासाठीही असेच अहवाल लिहिले जातात. आणखी एक निराळा उपयोग आहे: मुलांकडे कायमचे गेलेले आपले आजी-आजोबा नागरिकत्वाला उभे राहतात आणि स्मृतिभ्रंशामुळे इंग्रजी किंवा नागरिकशास्त्राची परीक्षा देऊ शकत नाहीत, तेव्हा डॉक्टर किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ एन-648 हा दाखला भरतो.

तज्ज्ञ निवडताना मुलीने चार गोष्टी विचाराव्यात. त्या राज्याचा परवाना आहे का, इमिग्रेशनच्या कामाचा अनुभव आहे का, अहवाल द्यायच्या आधी त्यातल्या तारखा तिला वाचून तपासता येतील का, आणि एकूण किती वेळ देणार? अर्ध्या तासाच्या बोलण्यावर दुसऱ्याच्या अहवालातली वाक्यं चिकटवून देणारेही असतात, आणि असे रिपोर्ट रोज वाचणाऱ्या अधिकाऱ्याला ते कळतात. तिने काही फुगवून सांगू नये. एकदाच हात उगारला तर एकदाच म्हणावं. तिच्या निवेदनात एक तारीख आणि अहवालात दुसरी निघाली, तर खऱ्या गोष्टीवरचाही विश्वास उडतो. शिवाय मूल्यमापन करणारा तिच्यावर उपचार करत नाही. मन मोकळं करायला, सावरायला वेगळा समुपदेशक हवा. न्यू जर्सीत 1985 पासून काम करणारी 'मानवी' ही दक्षिण आशियाई स्त्रियांसाठीची संस्था आहे, तिथे तिला आपली माणसं भेटतील. न्यूयॉर्कला 1989 पासून 'सखी' आहे.

समजा तिला राहवलं नाही आणि ती आरेला परत आली, तर? छळ अमेरिकेत झाला असेल तर अर्ज बाहेरून करण्याचीही सोय आहे. तेव्हा इथला मानसोपचारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ तपासणी करू शकतो. तिला आधार हवा असेल तर महापालिकेच्या रुग्णालयातली 'दिलासा' केंद्रं आहेत. पहिलं 2000 साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'सेहत' या संस्थेने महापालिकेबरोबर सुरू केलं. घरात छळ सोसलेल्या बाईशी कसं बोलायचं हे तिथल्या बायकांना येतं. आणि तुम्ही, ज्यांना झोप नाही, तुम्ही 14416 वर फोन करा. टेली-मानस ही सरकारी सेवा फुकट आहे, मराठीत बोलते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, इथे बसून काय करायचं? पुष्कळ. तुम्ही साक्षीदार आहात. लग्नाआधी ती कशी होती हे तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही: सीप्झला एकटी जायची, पगारातून घरात काय आणलं, कुठे गात-नाचत होती. तिकडे रात्री दोन वाजता, आपल्याकडे दुपार, तिने कुजबुजत केलेले फोन तुम्ही घेतले असतील. त्या कॉलच्या नोंदी, मेसेज, पाठवलेले फोटो, काहीही पुसू नका. फोन बदलायचा असेल तर आधी सगळं दुसरीकडे साठवा. मग एका वहीत लिहा: कोणत्या तारखेला, काय बोलली, आवाज कसा होता, तुम्ही काय म्हणालात. तारीख आठवत नसेल तर "गौरी-गणपतीच्या आधीच्या आठवड्यात" असं लिहा. स्वतः ऐकलं तेवढंच लिहा. दुसऱ्याकडून कळलेलं वेगळं ठेवा, आणि जावयाच्या घराण्याविषयीचा राग त्यात आणू नका.

हे इंग्रजीत लिहायची गरज नाही, कुणाकडून सजवून घ्यायचीही नाही. तुमच्या अक्षरात, मराठीत लिहा आणि खाली सही करा. दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाने पूर्ण आणि बिनचूक भाषांतर केल्याचं लेखी प्रमाणपत्र सोबत जोडलं, की इमिग्रेशन खातं मराठी निवेदन स्वीकारतं.